हॉर्निमन सर्कल: मुंबईतल्या या बागेला एका इंग्रजाचं नाव का?

मुंबईत फोर्टला टाऊन हॉलसमोर गोल बाग आहे, हॉर्निमन सर्कल. आधी तिचं नाव होतं एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरचं नाव पुसलं गेलं, पण त्याजागी आलं तेही इंग्रजाचंच! असं का?

कोण होते हॉर्निमन?

बेंजामिन गाय हॉर्निमन यांचा जन्म १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १९०६ मध्ये ते कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्ये आले. १९१३ मध्ये फिरोजशहा मेहतांनी 'बॉम्बे क्रॉनिकल' काढला आणि संपादकपद हॉर्निमन यांना दिलं. होमरूल असो की रौलट कायदा, हा इंग्रज संपादक भारतीयांच्या बाजूने लिहीत राहिला.

१९१९ मध्ये काय झालं?

१३ एप्रिलला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. पंजाबात मार्शल लॉ लागला, बातम्या अडवल्या जाऊ लागल्या. 'क्रॉनिकल' मात्र गप्प बसला नाही. २६ एप्रिलला सरकारने हॉर्निमन यांना पकडून बोटीने इंग्लंडला पाठवलं. ना खटला, ना सुनावणी. त्यासाठी वापरला महायुद्धासाठी केलेला भारत संरक्षण कायदा. युद्ध तर नोव्हेंबर १९१८ मध्येच थांबलं होतं! पेपरही काही काळ बंद पडला.

इंग्रज संपादकाला घरी पाठवलं, भारतीय बातमीदाराला तुरुंगात. 'क्रॉनिकल'चे गोवर्धन दास यांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

मग हॉर्निमन परत कसे आले?

इंग्लंडमध्येही त्यांनी अमृतसरवर पुस्तक लिहिलं (१९२०). भारतात यायची परवानगी मिळत नव्हती. तरी जानेवारी १९२६ मध्ये ते परतलेच. १९३३ मध्ये त्यांनी 'बॉम्बे सेंटिनल' हे सांजदैनिक सुरू केलं. १९४१ मध्ये रुसी करंजिया आणि दिनकर नाडकर्णी यांच्यासोबत 'ब्लिट्झ' काढण्यातही ते होते.

बाहेरच्या पत्रकारांनाही सेन्सॉर होता का?

होता. २१ मे १९३० रोजी गुजरातमधल्या धारासणा मिठागरावर पोलिसांनी निःशस्त्र सत्याग्रहींना लाठ्यांनी झोडपलं. 'युनायटेड प्रेस'चे अमेरिकन बातमीदार वेब मिलर तिथे हजर होते. त्यांची तार आधी अडवली गेली. 'सेन्सॉरशिपच जगासमोर आणेन' असा दम दिल्यावर ती सुटली आणि जगभर छापून आली.

मिलर बातमी देऊन पुढे गेले. हॉर्निमन यांनी मात्र इथेच घर केलं. १९४८ मध्ये त्यांचं निधन झालं, स्वातंत्र्य बघूनच. पुढच्या वेळी त्या बागेत सेल्फी काढाल, तेव्हा नावाची पाटीही फ्रेममध्ये घ्या.