प्रेशर स्विच, फ्रँकलिनचं पत्र आणि एक घरटं

डेटा विचित्र आला की आपण आधी उपकरणावर संशय घेतो. सेन्सर बिघडला असेल, प्रश्नावलीच चुकली असेल, वगैरे. कधीकधी ते खरंही असतं. पण उपकरणाला दोष देण्याआधी काय तपासायचं? याचं एक चांगलं उदाहरण मला माझ्या विषयाच्या बाहेर सापडलं: अमेरिकेतल्या घरगुती गॅस फर्नेसमध्ये.

फर्नेस म्हणजे घर ऊबदार ठेवणारी भट्टी, बहुधा तळघरात असते. बर्नरवर गॅस जळतो, त्या उष्णतेने हवा तापते आणि पंखा ती पत्र्याच्या नळांतून खोल्यांत पोचवतो. जळलेला वायू मात्र वेगळ्या वाटेने घराबाहेर जायला हवा. तो आत साचला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो, आणि त्याला ना रंग, ना वास. (आपल्याकडे बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, तिथेही बहुतेक वेळा हाच वायू असतो.)

आता समजा ऐन थंडीत फर्नेस पेटत नाही. आतल्या बोर्डावरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. झाकणावरच्या तक्त्यात त्याचा अर्थ दिलेला असतो: प्रेशर स्विच उघडा. घरमालक नवा स्विच आणून बसवतो. फर्नेस तरीही पेटत नाही.

हा स्विच तिथे आला कशासाठी, हे कळल्याशिवाय त्या ओळीचा अर्थ लागत नाही. जुन्या फर्नेसमध्ये गरम वायू आपोआप वर चढून धुराड्यातून निघून जाई. म्हणजे बरीच उष्णताही त्याच्याबरोबर जाई. 1973च्या तेलसंकटानंतर ही उधळपट्टी डोळ्यांत खुपू लागली. 1987मध्ये अमेरिकेत घरगुती उपकरणांच्या ऊर्जाकार्यक्षमतेचा कायदा झाला आणि 1992पासून नव्या घरगुती फर्नेसना वार्षिक कार्यक्षमता किमान 78 टक्के असण्याची अट लागू झाली. पण उष्णता जास्त काढून घ्यायची तर उरलेला वायू थंड होतो, आणि थंड वायू स्वतःहून नीट वर चढत नाही. म्हणून बहुतेक नव्या फर्नेसमध्ये तो ओढून बाहेर टाकणारा छोटा पंखा आला. मग पुढचा प्रश्न: पंखा फिरतोय आणि वाट मोकळी आहे, याचा पुरावा काय?

तो पुरावा म्हणजे प्रेशर स्विच. एका चपट्या डबीत पातळ पडदा असतो. पंख्याची ओढ रबरी नळीतून त्या पडद्यापर्यंत पोचते, पुरेशी असली तर पडदा सरकतो, संपर्क जुळतो, आणि मगच बोर्ड गॅस सोडू देतो. ही ओढ किती क्षीण असते पाहा: ती पाण्याच्या इंचांत मोजतात, आणि एक इंच म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे चारशेवा भाग.

म्हणजे 'स्विच उघडा' याचा अर्थ 'स्विच बिघडला' असा होतोच असं नाही. 'मला पुरेशी ओढ जाणवली नाही' एवढंच तो सांगतोय. तो साक्षीदार आहे, आपण त्यालाच आरोपी करतो.

आता थोडं मागे जाऊ. 1785मध्ये 79 वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन फ्रान्सहून अमेरिकेला परतत होता. जहाजावर बसून त्याने व्हिएन्नातल्या यान इंगेनहाउस या वैद्याला एक लांबलचक पत्र लिहिलं. विषय: धुराडी खोलीत धूर का सोडतात आणि त्यावर उपाय काय. त्यात तो नऊ कारणं मांडतो. पण मला महत्त्वाची वाटते ती त्याची तपासणी. खोलीला बाहेरची हवा कमी पडते अशी शंका आहे? मग मध्यम जाळ ठेवून दार हळूहळू लावत जा. धूर खोलीत यायला लागला की तो थांबेपर्यंत दार किंचित उघडा आणि फट मोजा. दार 8 फूट उंच आणि फट अर्धा इंच असेल, तर खोलीला 48 चौरस इंच हवेची वाट हवी. शंका, चाचणी, आकडा.

आणि याच पत्रात त्याने स्वतःचं अपयशही लिहून ठेवलंय. लंडनजवळ एका मित्राच्या घरी धुराडं ओढत नव्हतं. फ्रँकलिनला वाटलं, हे काय, आत्ता सांगतो. दार उघडून पाहिलं: हवेची कमतरता नाही. धुराड्याचं तोंड तात्पुरतं लहान केलं: तेही कारण नाही. बाहेर जाऊन वर बघितलं: शेजारची, त्याहून बुटकी धुराडीसुद्धा छान ओढत होती. शेवटी त्याने हात टेकले. या विषयातलं काही कळतं असा दावाही न करणारा तो मित्र नंतर शिडी लावून वर चढला आणि आत डोकावला. आत काटक्या, गवत, माती आणि पिसं! घर काही वर्षं रिकामं होतं, तेव्हा पक्ष्यांनी घरटं केलं होतं.

आजच्या फर्नेसचा तंत्रज्ञही याच वाटेने जातो. रबरी नळीला मॅनोमीटर जोडून ओढ मोजतो आणि स्विचवर छापलेल्या आकड्याशी ताडून बघतो. ओढ पुरेशी असून संपर्क जुळत नसेल, तरच स्विच दोषी. ओढ कमी असेल तर स्विच बरोबर आहे, शोध पुढे न्यायचा: नळीला चीर, तुंबलेलं छिद्र, थकलेला पंखा, पाइपाच्या तोंडावर बर्फ किंवा, हो, घरटं. नव्वद टक्क्यांच्या पुढच्या फर्नेसमध्ये वायू इतका थंड होतो की त्यातल्या वाफेचं पाणी होतं, त्यामुळे पाण्याचा निचरा तुंबणं हे एक नवं कारण आलं. फ्रँकलिनच्या यादीत ते असणं शक्यच नव्हतं.

काही जण स्विचच्या दोन तारा सरळ एकमेकींना जोडून टाकतात. फर्नेस पेटते, कोड जातो, आणि वाट बंद आहे हे सांगणारं कुणी उरत नाही. नको असलेला बिंदू आलेखातून गुपचूप पुसताना मला हल्ली या दोन तारा आठवतात.

फ्रँकलिनचं पत्र 1786मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. पत्र बरंच मोठं आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान घरट्याचा परिच्छेद वाचा, आणि त्याने काय काय तपासून बाद केलं, ते कोणत्या क्रमाने लिहिलंय तेवढं बघा.