सांतिनेजची खाडी आणि बुडणारी पणजी

पणजी या नावाचा एक अर्थ 'कधी न बुडणारी जमीन' असा सांगतात. गेल्या जुलैत कचेरी सुटल्यावर मी सांतिनेजच्या रस्त्यावर गुडघाभर पाण्यात चपला हातात घेऊन उभा होतो, तेव्हा हा अर्थ आठवून हसू आले. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "हांगा पयलीं उदकाची वाट आशिल्ली रे बाबा. तें आपली वाट सोदता."

त्यांचे म्हणणे इतिहासाला धरूनच होते. आजची पणजी बरीचशी भर घालून झाली. विसरई दों मानुएल द पुर्तुगाल ई काश्त्रु याच्या काळात (१८२७-३५) दलदल बुजवली, वाळूच्या टेकड्या सपाट केल्या. कांपाल हे नाव त्याच्याच मैदानावरून पडले. १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली.

पण जुनी माणसे भर घालतानाही पाण्याला वाट ठेवत. १६३३-३४ साली बांधलेल्या रायबंदरच्या लांबलचक पुलाला भरतीचे पाणी जाण्यासाठी कमानी आहेत. खाजन शेतीतली 'मानस' तर आपल्या परिचयाची. भरतीच्या दाबाने तिची दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात.

सांतिनेजची खाडी ताळगावच्या शेतांतून निघून कामराभाट, टोंक करीत कांपालजवळ मांडवीला मिळते. पावसाचे पाणी शेतांत थांबे आणि ओहोटी लागली की खाडीवाटे निघून जाई. मुक्तीनंतर शहर वाढले, शेते बुजली, खाडी आक्रसली आणि तिच्यात सांडपाणी आले. आता मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाण्याला जागाच उरत नाही.

२०१६ साली स्मार्ट सिटीच्या यादीत पणजी आली आणि खाडीच्या पुनरुज्जीवनाचे कामही त्या आराखड्यात आले. चांगली गोष्ट. पण नुसता गाळ उपसून दोन्ही काठांना सिमेंटच्या भिंती घातल्या तर ते मोठे गटार होईल. सांडपाणी मुळातच अडवायला हवे, ताळगावची उरलीसुरली शेते राखायला हवीत. काठची खारफुटीही हवी, कारण तिच्या मुळांच्या आधाराने मासळीची पिल्ले वाढतात आणि मासळीमागे बगळे, खंड्या येतात.

मध्यंतरी माझ्या टेबलावर आलेल्या एका कागदात या खाडीला 'नाला' म्हटले होते. मी कारकून माणूस, पण टिपणी लिहिताना 'खाडी' असे लिहिले. सरकारदरबारी शब्दाला महत्त्व असते. नाला बांधून काढतात, खाडी राखावी लागते. जुन्या पणजीकरांनी इथे मासे गरवल्याच्या आठवणी लिहून ठेवाव्यात. उद्या ही खाडीच होती, हे सांगायला त्या उपयोगी पडतील.