एक जूनची पोरं

आपल्या वर्गाचा व्हॉट्सॲप गट सुरू झाला आणि पहिल्याच १ जूनला एकवीस जणांना एकदम शुभेच्छा द्यायची वेळ आली. नातवंडांना हसू आलं. पण त्यामागे आपल्या पिढीचा एक छोटासा इतिहास आहे. तो या स्मरणिकेत नोंदवून ठेवतो.

आपल्या घरांत वाढदिवस व्हायचा तो तिथीने. पाटाभोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, सुपारी, अंगठी. आई ओवाळायची, आजी हातावर गोड ठेवायची, संपलं. बऱ्याच घरांत मुलींच्या वाट्याला तेवढंही येत नसे. भावाला ओवाळायला मात्र त्या पुढे. माझा जन्म नागपंचमीचा. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून माझ्या वाढदिवसाला कायम पुरणाची उकडलेली दिंडं. साल विचारलं की आई सांगायची, "पानशेत फुटलं त्या साली." धाकट्या भावाचं साल कोयनेच्या भूकंपाचं.

शाळेला मात्र तारीख लागायची. पहिलीसाठी सहा वर्षं पुरी हवीत आणि शाळा उघडणार जूनमध्ये. पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला, मी त्यानंतरचा. म्हणजे जून १९६७ मध्ये माझी सहा भरत नव्हती. गुरुजींनी वडिलांकडे पाहिलं, दौतीत टाक बुडवला आणि १ जून १९६१ लिहून टाकलं. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा झाला १९६९ साली. त्याआधी खेड्यात नोंद व्हायची कोतवालाच्या बुकात, पण तिची नक्कल आणायला तालुक्याला कोण जाणार? गुरुजींचं रजिस्टर हाच आपला जन्मदाखला ठरला.

पुढे ती तारीख नोकरीपर्यंत आली. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे २०१९ रोजी आपल्यातले चौघं एकाच दिवशी हारतुरे घेऊन घरी आलो. आई म्हणाली, "अजून अठ्ठावन्न कुठं झालीत? पंचमी यायचीय की!"

तेव्हा कुठे मी तहसीलच्या दप्तरखान्यात अर्ज केला. कोतवाल बुकाची नक्कल मिळाली. १६ ऑगस्ट १९६१, वडिलांचं नाव आणि पुढे एकच शब्द: 'मुलगा'. बारशाआधीची नोंद, नाव कुठून असणार? कागद हातात आला तेव्हा श्रावण लागला होता. आई आषाढातच गेली होती. तिला दाखवायचं राहून गेलं.

तुमच्यापैकी कोणाच्या घरात खरी तिथी सांगणारं माणूस अजून असेल, तर आजच विचारून लिहून ठेवा.

तीन महिन्यांची नोकरी गेली, याची हळहळ वाटली, नाही असं नाही. पण गुरुजींनी खरं लिहिलं असतं तर मी एक वर्ष मागे राहिलो असतो आणि तुमच्या वर्गात नसतो. म्हणून १ जूनला नातवंडं केक आणतात, तो मी मुकाट्याने कापतो. नागपंचमीला मात्र आमच्याकडे काही कापत नाहीत. दिंडं असतात. या वर्षी सगळे या.