किती दिवसांत होईल?

गेल्या वर्षी चवथीच्या सुमारास आमच्या शाळेची स्मरणिका काढायचे ठरले, आणि डिचोली-पेडणे महालांचा शंभर पानी इतिहास मी लिहावा असा आग्रह झाला. "किती दिवसांत होईल, सर?" असे विचारताच मी काळ-काम-वेगाचे गणित मांडले : रोज दोन पाने, म्हणजे पन्नास दिवस. त्याला आता चौदा महिने होत आले. पाने झाली आहेत सव्वीस.

वेळ लिहिण्यात गेलाच नाही. डिचोली १७८१ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली, पेडणे १७८८ मध्ये. वाक्य एका ओळीचे. पण मधली सात वर्षे का लागली, हे सांगायचे तर सावंतवाडीकर भोसल्यांची बाजू पाहावी लागते, कोल्हापूरकरांची पाहावी लागते आणि पोर्तुगीज कागद वाचून घ्यावे लागतात. पेडण्याला एक आजोबा होते. घरात मोडी कागद होते आणि ते वाचणारेही तेच. पावसाळा सरला की येतो, असे मी सांगितले होते. गेलो तेव्हा त्यांचे बारावे चालले होते.

अशा वेळी मला पंडित महादेवशास्त्री जोशी आठवतात. आमच्या डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीतल्या आंबेड्याचे हे गृहस्थ. 'भारतीय संस्कृतिकोशा'चा पहिला खंड १९६२ साली निघाला, दहावा १९७९ साली. नऊ अंतरांना सतरा वर्षे. सरासरीने खंडामागे दोन वर्षांना थोडी कमी. पण पहिल्या खंडाआधीची तयारी या हिशेबात येतच नाही. शास्त्रीबुवांचा जन्म १९०६ चा. म्हणजे पहिला खंड हाती आला तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते आणि शेवटचा आला तेव्हा त्र्याहत्तर. मी आज चौपन्नचा आहे, आणि शंभर पानांनी दमलो आहे!

डॉ. केतकरांनी तर ज्ञानकोशाच्या हकिगतीला नावच दिले 'माझे बारा वर्षांचे काम'. त्या तेवीस खंडांपैकी पहिले पाच नुसते प्रस्तावनेचे. प्रस्तावनाच पाच खंडांची होईल, हे कोणत्या अंदाजपत्रकात बसणार? शिवाय वर्गणीदार मिळवण्याची पायपीटही संपादकाच्याच वाट्याला. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९९४ मध्येच गेले. मंडळ होते म्हणून काम पुढे चालले. एकट्या माणसाला मात्र अशा कामाचा हिशेब स्वतःच्या वयाशीच घालावा लागतो, आणि त्याहून अधिक, ज्यांच्याकडून माहिती घ्यायची त्यांच्या वयाशी. माझ्या पन्नास दिवसांत पेडण्याच्या आजोबांचे वय मी धरलेच नव्हते.

समितीला मी कळवले आहे की स्मरणिका इतिहासाविना काढावी. दोघे-तिघे रागावले; त्यांचेही चुकले नाही, शब्द मीच दिला होता. आजोबांच्या सुनेचा निरोप आला आहे : माळ्यावर कागदांचे गाठोडे अजून आहे, वाळवी लागण्याआधी न्या. येत्या रविवारी पेडण्याला जाणार आहे. मोडी वाचणारा एक माजी विद्यार्थी सोबत यायला तयार झाला आहे. "किती वेळ लागेल, सर?" असे त्यानेही विचारले. मी म्हटले, "जेवणाचा डबा घेऊन ये."