शब्दवेध : दीन

संस्कृतात ‘दीन’ म्हणजे खंगलेला, केविलवाणा. मराठी बायबलने मत्तयच्या पाचव्या अध्यायात धन्यतेचा पहिला मान या शब्दाला दिला. मूळ ग्रीक ‘प्तोखोस’ हा अंग चोरून बसणाऱ्या याचकाचा शब्द, राबून पोट भरणाऱ्या गरिबाला ‘पेनेस’ म्हणत. म्हणजे देवापुढे स्वकष्टाचीही मिरास चालत नाही. ही लाचारीचीच शिकवण, असा आक्षेप येतो. पण देवाकडे हात पसरणारा जमीनदारापुढे मिंधा होतोच असे नाही. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या, ‘ख्रिस्त-धर्म-सार’ संकलित करणाऱ्या विनोबांनी १९५१ पासून भूदान मागितले, ते भीक म्हणून नव्हे, तर पाच मुलांच्या घरातल्या सहाव्याचा वाटा म्हणून.