तिसरं पेडल

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे दोघातिघांनी "ब्लॉग बंद केलास का?" म्हणून विचारलं. काकूने तर थेट फोनच केला. बंद नाही केला, पण गेले काही शनिवार शेजारच्या गराजमध्ये एका गाडीच्या पोटाखाली टॉर्च धरण्यात गेले. टॉर्च धरणे हेच माझं काम. पाने-स्क्रू ड्रायव्हर माझ्या हाती द्यायचं धाडस शेजारच्या आजोबांनी अजून केलेलं नाही :)

"आजोबा" हे नाव आमच्या मुलांनी ठेवलेलं. आता सत्तरी ओलांडली आहे त्यांनी. आयुष्यभर डेट्रॉइटच्या आसपासच्या वर्कशॉपमध्ये लेथ आणि मिलिंग मशीनवर काम केलेला माणूस. गाडी आहे पाँटियाक जीटीओ, साल १९६७. तीन वर्षांपूर्वी त्यांचे मोठे भाऊ गेले, त्यांच्याकडून ती आली. गाडी ऑटोमॅटिक आहे, आणि आजोबांना तिच्यात क्लच बसवायचा आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून चार गिअरांचा हाताने टाकायचा गिअरबॉक्स. इथे हे काम पुष्कळ लोक करतात. सगळे पार्ट मिळतात, कोणी सुटे घेतं, कोणी सगळा संच एकदम मागवतं.

मला आधी हे सगळं गमतीचं वाटलं. आपण भारतात गाडी शिकलो तेव्हा "मॅन्युअल गाडी" असा शब्दच नव्हता. गाडी म्हणजे क्लच असलेलीच. मी शिकलो मामाच्या पद्मिनीवर, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, आणि चढावर हाफ क्लचवर गाडी धरता आली की मामा म्हणायचा, "आता तुला येते." इथे शंभरातल्या एखाद-दोन नव्या गाड्याच क्लचच्या विकल्या जातात. बाकी दुनिया डाव्या पायाला सुट्टी देऊन बसली आहे. मग पन्नास-साठ वर्षांच्या जुन्या गाड्यांना उलट्या दिशेने नेण्याचा एवढा सोस का?

आजोबांचं उत्तर सरळ होतं. "ही गाडी अशीच असायला हवी होती."

या वाक्याने मला वाचायला लावलं, आणि वाचता वाचता ते वाक्य मला पटेनासं झालं.

सुरुवात जरा मागून करतो. जुन्या गाड्यांत गिअर बदलणं म्हणजे कसरत होती. क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, सोडा, इंजिनाचा वेग जुळवा, पुन्हा दाबा, पुढचा गिअर टाका. जुन्या एसटीच्या ड्रायव्हरांना हा डबल क्लच मारताना ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. जरा चुकलं की दात दातांवर घासून जो आवाज यायचा, त्याने आख्ख्या गल्लीला कळायचं की कोणीतरी शिकाऊ आलाय. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणलं आणि ही कटकट गेली. त्यामागचा माणूस अर्ल थॉम्प्सन. आज आपण ज्याला "खरं ड्रायव्हिंग" म्हणतो ते सहज गिअर टाकणं याच माणसाच्या डोक्यातून आलं.

आणि गंमत म्हणजे, जनरल मोटर्समध्ये ज्या गटाने पुढे हायड्रामॅटिक बनवलं, त्याचा प्रमुखही हाच थॉम्प्सन! हायड्रामॅटिक म्हणजे मोठ्या संख्येने विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांवर तो ५७ डॉलर जादा देऊन मिळायचा. चार गिअर, तेलाच्या जोरावर आपोआप बदलणारे, क्लचचं पेडल नाही. म्हणजे आज गराज-गराजमधून ज्या दोन पक्षांचं भांडण चालतं, त्यांचा मूळपुरुष एकच. त्याच्या दृष्टीने ते दोन पक्ष नसणारच. एकाच त्रासातून ड्रायव्हरला सोडवायच्या त्या दोन पायऱ्या.

मग युद्ध आलं. हायड्रामॅटिक रणगाड्यात गेला. एम-५ या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिनं आणि दोन हायड्रामॅटिक असत. युद्धानंतरची गोष्ट मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. पाय गमावून परतलेली हजारो तरुण मुलं होती. ओल्ड्समोबिलने त्यांच्यासाठी हायड्रामॅटिकसोबत खास हातांनी चालवायची यंत्रणा द्यायला सुरुवात केली, तिचं नाव "व्हॅलिअंट". १९४६ मध्ये अमेरिकन संसदेने कायदाच केला, की महायुद्धात पाय गमावलेल्या किंवा पाय निकामी झालेल्या सैनिकाला गाडीसाठी १,६०० डॉलरपर्यंत सरकार देईल. डावा पाय नसलेल्या माणसाला क्लचची गाडी काय कामाची? त्याच्यासाठी "ऑटोमॅटिक" ही चैन नव्हती. सकाळी उठून एकट्याने कामाला जाता येणं, एवढा साधा आणि एवढा मोठा त्याचा अर्थ होता.

थोडं विषयांतर, पण इथे राहून हे न सांगणं बरं नाही. हायड्रामॅटिकचा कारखाना आमच्या इथून फार लांब नव्हता, लिव्होनियाला. १२ ऑगस्ट १९५३ ला कटिंग टॉर्चच्या ठिणगीने तिथे आग लागली आणि तो प्रचंड कारखाना जळून गेला. कॅडिलॅक, ओल्ड्समोबिल, पाँटियाक सगळ्यांचे गिअरबॉक्स अडले. मग कंपनीने विलो रनची इमारत घेतली, जिथे युद्धात फोर्डने बी-२४ बॉम्बर विमानं बनवली होती, आणि काही आठवड्यांत काम पुन्हा सुरू केलं. तिथला गिअरबॉक्सचा कारखाना २०१० मध्ये बंद झाला. आज त्या जमिनीवर ड्रायव्हरविना चालणाऱ्या गाड्यांच्या चाचण्या घेण्याचा ट्रॅक आहे. तिथून जाताना मी दरवेळी बायकोला हे सांगतो. ती दरवेळी "सांगितलंयस" म्हणते.

असो. तर मसल कार. १९६४ मध्ये पाँटियाकच्या जॉन डिलोरियन आणि मंडळींनी कंपनीच्या नियमाला बगल दिली. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० क्यूबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असा नियम होता. यांनी ३८९ क्यूबिक इंचाचं घातलं, आणि ते नवी गाडी म्हणून न दाखवता लेमान्स या गाडीवरचा ऐच्छिक संच म्हणून दाखवलं. ३८९ म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. मामाच्या पद्मिनीचं १,०८९ सीसी, म्हणजे एका बॉनेटखाली सहा पद्मिनी कोंबल्यासारखं. पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ खपल्या. गाडीसोबत मुळात तीन गिअरांचा, हाताने टाकायचा गिअरबॉक्स यायचा, वर हर्स्ट कंपनीचा शिफ्टर. (या जॉर्ज हर्स्टनेच पुढे अपघातात चेपलेल्या गाडीतून माणूस बाहेर काढायचं ते हायड्रॉलिक यंत्र बनवलं, ज्याला जगभर "जॉज ऑफ लाइफ" म्हणतात. जीव घेणारी आणि जीव वाचवणारी, दोन्ही यंत्रं एकाच दुकानातली!) जादा पैसे देऊन चार गिअरांचा मन्सी मिळे, किंवा ऑटोमॅटिक. मन्सी हे इंडियानातलं गाव. याच गावाचा अभ्यास करून लिंड पती-पत्नींनी १९२९ मध्ये "मिडलटाउन" हे प्रसिद्ध पुस्तक लिहिलं होतं. सर्वसाधारण अमेरिकन गाव कसं असतं, तर असं. त्या गावाचं नाव आज जगात जास्त घेतलं जातं ते गिअरबॉक्ससाठी.

आणि ऑटोमॅटिक म्हणजे लेचीपेची असा जो समज आहे, तो त्या काळालाही धरून नाही. क्रिस्लरच्या इंजिनिअरांनी चालवलेला रामचार्जर्स नावाचा क्लब होता. साठच्या दशकात त्यांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या डॉज-प्लिमथ गाड्या ड्रॅग रेसच्या पट्ट्यावर टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिकवर धावत आणि जिंकत. १९६४ पर्यंत तर त्यांचे गिअर बटण दाबून निवडायचे असत. बटणं दाबून रेस जिंकणारा माणूस आजच्या पोस्टरवर कुठे दिसत नाही.

१९६७ ला जीटीओत तीन गिअरांचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० आला. त्याबरोबर हर्स्टचा एक शिफ्टर मिळायचा, त्याचं लाडकं नाव "हिज अँड हर्स". एका खाचेत दांडा ठेवला की गाडी आपली आपण गिअर बदलते, ती बाजू "तिची". दुसऱ्या खाचेत ओढला की एकेक गिअर हाताने टाकता येतो, ती "त्याची". हे वाचून माझी बायको जे म्हणाली ते ब्लॉगवर लिहिण्यासारखं नाही.

आजोबांच्या गाडीत नेमका हाच शिफ्टर होता. तो काढताना त्यांनी भावाची गोष्ट सांगितली. भाऊ १९६६ मध्ये व्हिएतनामहून परतला, डाव्या गुडघ्यात धातूचे तुकडे घेऊन. गुडघा पुरता वाकायचाच नाही. साठवलेल्या पगारातून त्याने ही गाडी घेतली. आजोबा तेव्हा चौदा वर्षांचे. वर्गातल्या पोरांसमोर मिरवायला गाडी हवी होती, आणि आत पाहतात तर दोनच पेडलं. पोरं हसली. "मी भावाला म्हणालो, तू चुकीची गाडी आणलीस. तो काही बोलला नाही, चल फिरून येऊ म्हणाला."

हे सांगून ते पुन्हा नट सोडवायला लागले. मी टॉर्च धरून उभा.

कामाचं थोडं सांगतो, कारण "एक गिअरबॉक्स काढला, दुसरा लावला" इतकं ते सोपं नाही. आधी पेडलं. ऑटोमॅटिक गाडीचं ब्रेकचं पेडल रुंद असतं, ते काढून क्लच आणि अरुंद ब्रेक अशी जोडी लावावी लागते. मग फायरवॉलमधून क्लचचा दांडा, चेसिस आणि इंजिन यांच्यामध्ये तो जोर फिरवून देणारा आडवा दांडा, इंजिनामागची पातळ तबकडी काढून तिथे जड फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट. क्रँकशाफ्टच्या टोकाला एक छोटा बुश बसतो, काही ऑटोमॅटिक गाड्यांत त्यासाठीचं भोक पूर्ण कोरलेलंच नसतं. शिफ्टरसाठी मजल्याचा पत्रा कापायचा, शाफ्ट जुळवायचा. आणि पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नसताना स्टार्टर फिरू न देणाऱ्या स्विचची वायर जोडून टाकायची, नाहीतर सगळं बसवून झाल्यावर गाडी सुरूच होत नाही.

आजोबांचा सगळा जीव आहे तो बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधलं ते घंटेच्या आकाराचं घर. त्याचं मधलं भोक क्रँकशाफ्टच्या बरोबर मध्यावर यावं लागतं, इंचाच्या पाच हजारांश भागापेक्षा जास्त फरक चालत नाही. नाहीतर गिअर जड होतात, बेअरिंगं जातात. बहुतेक लोक हे मोजतच नाहीत. आजोबांनी डायल गेज लावून तीन वेळा मोजलं.

आणि इतकं सगळं करूनही गाडी "तशी" होणार नाही हे त्यांना माहीत आहे. पाँटियाक २०१० मध्ये संपली, पण कारखान्याच्या बिलांच्या नोंदी शिल्लक आहेत, पैसे भरले की त्या गाडीच्या नोंदीची प्रत मिळते. आजोबांनी ती मागवली. त्यावर ऑटोमॅटिक लिहिलंय. इंजिनाच्या ब्लॉकवर पुढच्या बाजूला दोन अक्षरं ठोकलेली आहेत, वाय-एस. त्या वर्षी ती अक्षरं ४०० क्यूबिक इंच, ३३५ अश्वशक्ती, ऑटोमॅटिकसाठी होती. मॅन्युअलसाठीची वेगळी. काही लोक अशी अक्षरं घासून नवी ठोकतात आणि गाडी जास्त किमतीला विकतात. मी भीत भीत विचारलं. आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.

मागच्या शनिवारी ब्रेकचं जुनं पेडल बाकड्यावर पडलं होतं. त्याचं रबर उजव्या अर्ध्या भागात झिजून गुळगुळीत झालं होतं. डाव्या अर्ध्या भागातल्या रेघा मात्र नव्या पेडलासारख्या शाबूत. आजोबांनी ते उचललं, अंगठा आधी एका बाजूवर फिरवला, मग दुसऱ्या.

मी विचारलं, "अजूनही वाटतं का, की चुकीची गाडी होती?"

"मला हवी होती ती ही नव्हती," ते म्हणाले. "त्याला हवी होती ती हीच होती." मग जरा थांबून, "आता चालवायची मला आहे."

काढलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्यांनी तेल काढून, तोंडं बंद करून लाकडी पॅलेटवर ठेवलाय. शिफ्टर, पेडल, ती पातळ तबकडी, नट-बोल्टसुद्धा पिशव्यांत भरून त्याच्यासोबत. वर गाडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधली आहे. उद्या कोणाला परत लावायचा झाला तर शोधाशोध नको.

बेलहाउसिंगचा फरक आठ हजारांश निघालाय. तो दुरुस्त करायला मध्य जरासा सरकवणाऱ्या खास पिना मिळतात, त्या मागवल्या आहेत. येत्या शनिवारी पुन्हा मोजायचंय. टॉर्चची बॅटरी मी आणणार आहे.