शास्त्रप्रामाण्य आणि सार्वकालिक जीवनाचे अभिवचन : रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या धर्मांतराचा एक विचार

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे धर्मांतर ही एक बहुचर्चित घटना होय. वाङ्मयेतिहासात टिळकांचा विचार ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून होतो, तर मिशनच्या इतिहासात ख्रिस्तभक्त म्हणून. या दोन्ही चौकटींतून एक प्रश्न मात्र निसटतो. संस्कृतज्ञ, वादपटू आणि स्वतःच्या बुद्धीवर भिस्त ठेवणाऱ्या या गृहस्थाने एका ग्रंथाचे सत्यत्व मान्य केले, ते नेमके कशाच्या बळावर? आणि जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हाच परमपुरुषार्थ मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या मनाला ‘सार्वकालिक जीवना’चे अभिवचन हे आश्वासन वाटले तरी कसे? हे दोन प्रश्न सहसा वेगवेगळे हाताळले जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्याचे उत्तर दुसऱ्यात दडलेले आहे.

आपल्या भागातील अभ्यासकाने या विषयाकडे वळावे, याला स्थानिक कारणही आहे. ज्या प्रवासात टिळकांच्या हाती ‘नवा करार’ आला, तो प्रवास नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीतला होता. हा लोहमार्ग तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा असा आजच्या गोंदिया जिल्ह्याच्या आरपार जातो.

१८९३ चा प्रवास

नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० च्या दशकाच्या आरंभी राजनांदगावपर्यंत पोहोचली. पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीकडे गेली आणि तिचे रुंद मार्गात रूपांतर झाले. गोंदिया त्या काळी जंक्शन नव्हते. जबलपूरकडे जाणारा सातपुड्यातील अरुंद मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीचा. आणि ‘गोंदिया जिल्हा’ हे नाव तर १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन झाल्यानंतरचे. तेव्हा हा सारा प्रदेश मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात मोडत होता.

टिळक नागपुरास आले ते अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने, संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी. तेथे त्यांनी ‘ऋषी’ नावाचे मासिक चालविले. याच कालखंडाच्या सुमारास त्यांनी स्वतःपुरता एक धर्मविचार रचला होता आणि त्यातील दोन कलमे आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीची आहेत. सर्व धर्मांची शास्त्रे मनुष्यनिर्मित आहेत, हे एक. आणि पुनर्जन्म नाही, हे दुसरे. ईश्वर हा मनुष्यमात्राचा पिता आहे आणि बंधुप्रेम हे धर्माचे सार आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. परंतु तिला आधार म्हणून कोणताही ग्रंथ त्यांनी शिल्लक ठेवला नव्हता.

अशा मनःस्थितीत, राजनांदगाव संस्थानातील नोकरीच्या निमित्ताने झालेल्या प्रवासात, त्यांची एका युरोपीय सहप्रवाशाशी गाठ पडली. संस्कृत काव्यापासून सुरू झालेला संवाद धर्माकडे वळला. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. हा सहप्रवासी कोण, याचा शोध टिळकांना पुढेही लागला नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे भाकीत मुदतीत खरे ठरले. चरित्रकार या योगायोगावर बराच भर देतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र टिळकांनी त्या पुस्तकात काय वाचले, हे अधिक महत्त्वाचे वाटावे. वाचताना ते अडकले ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी. येशूच्या जन्माविषयीची भाकिते, चमत्कार, वंशावळी, ज्यांच्या आधारे मिशनरी साधारणतः ग्रंथाचे दैवी मूळ सिद्ध करीत, ती सारी प्रकरणे त्यांना खिळवून ठेवू शकली नाहीत.

ग्रंथ खरा कशावरून?

या निवडीचे महत्त्व कळण्यासाठी त्यापूर्वीच्या सहा दशकांचा वाद ध्यानात घ्यावा लागतो. १८३० च्या सुमारास मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात झालेला वाद मुख्यतः ‘कोणाचे शास्त्र खरे’ असाच होता. मोरभटांचे ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक १८३१ चे. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी केलेल्या चर्चांचे स्वरूपही फारसे निराळे नव्हते. एका पक्षाने दुसऱ्याच्या पुराणांतील विसंगती दाखवावी, दुसऱ्याने बायबलमधील दाखवावी. या पद्धतीने कोणी कोणाचे मन वळविले असेल, असे मानणे कठीण आहे.

याच वादाचा अधिक खोल नमुना काशीत घडला, आणि तोही एका मराठी माणसाच्या हातून. नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५-१८९५) हे झाशीकडील चित्पावन कुटुंबातले. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ (१८३९) या संस्कृत ग्रंथाला उत्तर म्हणून त्यांनी विशीच्या उंबरठ्यावर ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. त्यातील त्यांची भूमिका तर्कशुद्ध होती : शास्त्र श्रद्धेने स्वीकारल्यानंतर तर्काचे काम सुरू होते, तर्काने शास्त्राची परीक्षा घेणे हा क्रमच उलटा आहे. ख्रिस्ती मतातील अनंतकाळच्या शिक्षेवरही त्यांचा रोख होता. एकाच अल्पायुषी जन्मातील पापासाठी न संपणारा दंड देणाऱ्या ईश्वरापेक्षा, पुन्हा पुन्हा संधी देणारा जन्मांचा क्रम अधिक दयाळू नाही का? हेच गोऱ्हे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले, नेहेम्या हे नाव धारण केले, आणि ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) लिहून त्यांनी षड्दर्शनांचे खंडन केले. परंतु अनंत शिक्षेच्या सिद्धांताने त्यांना धर्मांतरानंतरही स्वस्थता लाभू दिली नाही. ‘अनंत’ हा शब्द मराठी ख्रिस्ती मनाला प्रथम भेटला तो वचनाच्या रूपाने नव्हे, धाकाच्या रूपाने, असे गोऱ्ह्यांच्या संदर्भात म्हणावेसे वाटते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण यापुढचे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या निर्णयामागे गोऱ्ह्यांच्या लेखनाचा वाटा होता. परंतु चर्चने ठरविलेले सिद्धांत जसेच्या तसे स्वीकारण्यास त्या राजी नव्हत्या. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात एक आग्रह सतत दिसतो : जे बायबलात आहे आणि जे माझी सदसद्विवेकबुद्धी मान्य करते तेच मी मानीन. उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे स्वतंत्र मराठी भाषांतर केले; ते त्यांच्या मृत्यूनंतर (१९२२) केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापून पूर्ण झाले. शास्त्र वाचण्याचा अधिकार जिच्या जातीतल्या स्त्रियांना नाकारलेला होता, तिने शास्त्राची भाषाच हाती घेतली. शास्त्रप्रामाण्याच्या इतिहासातील हा बदल आपल्या सामाजिक इतिहासलेखनात अद्याप पुरेसा नोंदला गेलेला नाही.

टिळक या मालिकेत येतात, पण त्यांची वाट वेगळी आहे. गोऱ्ह्यांप्रमाणे त्यांनी प्रमाणांची छाननी केली नाही. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या शंकांचा टप्प्याटप्प्याने हिशेब देणाऱ्या बाबा पदमनजींप्रमाणेही त्यांचा प्रवास नाही. आधी त्यांना एक व्यक्ती खरी वाटली. ती ज्या ग्रंथात भेटली तो ग्रंथ त्यामुळे खरा ठरला. ‘सर्व शास्त्रे मनुष्यनिर्मित’ हे आपले कलम त्यांनी युक्तिवादाने खोडून काढल्याचे दिसत नाही. ते कलम त्यांच्यापुरते निरुपयोगी झाले. प्रामाण्याची ही रीत न्यायशास्त्राची नव्हे, वारकऱ्याची आहे. संतांचा शब्द वारकरी प्रमाण मानतो तो संत खरा म्हणून.

‘जीवन’ या शब्दाचे ओझे

आता दुसरा प्रश्न. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी बायबलात ‘सार्वकालिक जीवन’ अशी संज्ञा आहे. नंतरच्या सुलभ भाषांतरात ‘अनंतकाळचे जीवन’ असे म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘आयोनिओस’ याचा संबंध ‘युगा’शी, येणाऱ्या युगाशी आहे. तेव्हा त्यात केवळ काळाची लांबी अभिप्रेत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तर हे जीवन ईश्वराला ओळखण्यातच आहे आणि विश्वास ठेवणाऱ्याला ते आजच लाभते, असा अर्थ वारंवार येतो.

मराठी श्रोत्यापुढे हा अर्थ पोहोचविणे सोपे नव्हते. गीता ऐकत वाढलेल्या मनाला आत्म्याचे अविनाशित्व ही काही नवलाई नाही. ‘तू मरणार नाहीस’ हे ऐकून त्याने आनंदित का व्हावे? उलट, पुन्हा पुन्हा जगावे लागणे हेच तर संकट! फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करताना ओवी स्वीकारली आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही घेतला. स्टीफन्सची ही चतुराई नव्हे, गरज होती. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट भाषांतरकारांनी असे शब्द टाळले; त्यामुळे संज्ञा निर्दोष झाली, पण तिच्यामागे लोकमानसातील कोणतेही चित्र उरले नाही.

ही पोकळी टिळकांनी तुकारामांच्या आधारे भरली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. या उद्गाराचा अर्थ बहुधा छंदापुरता लावला जातो. टिळकांनी ख्रिस्ती भजनाला अभंगाचे रूप दिले, एवढाच. पण पुलावरून काही तरी पलीकडे न्यावे लागते. तुकारामांच्या अभंगवाणीत मोक्षाची चक्क उपेक्षा आहे. मुक्ती नको, भक्तीसाठी पुन्हा जन्म मिळाला तरी चालेल, हा भाव तेथे ठायी ठायी येतो. सुटकेपेक्षा सहवास थोर, हे वारकरी मनाने टिळकांच्या अडीचशे वर्षे आधी ठरवून टाकले होते. टिळकांनी पुनर्जन्माची कल्पना नागपुरातच सोडली होती; सहवासाची ओढ सोडली नव्हती. ‘सार्वकालिक जीवन’ हे त्यांना न संपणारे अस्तित्व म्हणून भावले नाही. न तुटणारा सहवास म्हणून भावले. म्हणूनच ‘अभंगांजली’त मृत्यूचे भय किंवा नरकाचा धाक शोधू जाता फारसा हाती लागत नाही, आणि ख्रिस्ताला ‘गुरुमाउली’सारख्या संबोधनांनी हाक मारणे त्यांना स्वाभाविक वाटते.

येथे एक आक्षेप संभवतो. असे असेल तर टिळकांना धर्मांतराची आवश्यकता काय होती? तुकारामांपाशीच का थांबले नाहीत? याचे उत्तर केवळ तत्त्वज्ञानात सापडणार नाही. बंधुप्रेम हे धर्माचे सार मानणाऱ्या टिळकांना जातिभेद सलत होता, आणि डोंगरावरील प्रवचनातील नीतीला त्यांनी सामाजिक आज्ञा मानले. या जिल्ह्यातील वाचकाला धर्मांतर म्हटले की १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर आठवते. तेथे तर आत्मा आणि परलोक या कल्पनाच बाजूला सारून माणसामाणसांतील संबंध हा धर्माचा विषय ठरविला गेला. दोन्ही घटनांची सांगड घालण्याचा हेतू नाही. परलोकाच्या वचनाने टिळकांना इहलोकापासून दूर नेले नाही, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

लक्ष्मीबाईंची साक्ष

या विश्वासाची किंमत कोणी मोजली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचल्याशिवाय कळत नाही. टिळकांच्या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाई (१८६८-१९३६) यांचा संसार एका दिवसात मोडला. पतीचे सार्वकालिक जीवन आणि पत्नीचे जिवंतपणीचे वैधव्यसदृश एकाकीपण ही एकाच घटनेची दोन अंगे होती. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. परंतु पतीच्या वाचनाचा मार्ग त्यांनी घेतला नाही. जात ही देवाने केली की माणसाने, या साध्या प्रश्नाशी झगडून आधी त्यांचे सोवळे सुटले. ग्रंथावरील विश्वास मागाहून आला. शास्त्रप्रामाण्याची चर्चा करणाऱ्या विद्वानांनी लक्ष्मीबाईंची ही क्रमवारी गांभीर्याने घ्यावयास हवी.

दरेकशाचा डोंगर

टिळकांची गाडी ज्या दरेकशावरून गेली, तेथून जवळच कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेस तेथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. पारी कुपार लिंगोने कोंडलेल्या गोंड देवांना जेथून मुक्त केले ते स्थान हेच, अशी श्रद्धा आहे. लिंगोची ही कथा लिखित रूपात प्रथम आली ती नागपूरच्या फ्री चर्च मिशनचे स्टीफन हिस्लॉप यांच्या कागदपत्रांतून. हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले आणि १८६३ मध्ये नदीच्या पुरात बुडून मरण पावले. रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये ती टिपणे छापली. त्या गीतात भावांनी मारलेला लिंगो अमृताने पुन्हा जिवंत होतो. पुनरुत्थानाचा संदेश देण्यासाठी आलेल्या मिशनऱ्याने हे गीत ऐकून काळजीपूर्वक उतरवून घेतले, हे विशेष होय. एका परंपरेचे सत्य ग्रंथात, दुसरीचे गाणाऱ्या प्रधानाच्या कंठात. टिळकांना याची माहिती असो वा नसो, पुढे त्यांनीही आपला विश्वास कंठाकडेच सोपविला. १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाबाहेर पडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात सारखेच स्थान होते आणि कीर्तन-भजन हे त्याचे मुख्य साधन होते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले, तेव्हा ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. आरंभीच्या काही अध्यायांपुढचा बहुतांश ग्रंथ, फारसे शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी रचला. त्यांच्याही पश्चात राहिलेले काम पुत्र देवदत्त यांनी पुरे केले आणि १९३८ मध्ये तो प्रसिद्ध झाला.